कोण देईल

अण्णा बाहेरच्या खोलीत निरोपाची वाट पाहत बसले होते, आणि आतून मामांनी मला कामाला हाक मारली.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. नथानिएल आमोलिक त्यांचं नाव. जालन्यातल्या एका लहानशा चर्चचे ते पाळक होते. धर्मशास्त्राचं, म्हणजे बायबलचं, नवं मराठी भाषांतर करायला एक मंडळ नेमलं होतं, त्यात हिब्रू जाणणारे म्हणून त्यांना घेतलं होतं. रोज सकाळी न्याहारी झाली की ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, हिब्रू ओळ मोठ्याने वाचत, शब्दाला शब्द अर्थ सांगत, आणि मी तो सरळ मराठीत मांडून लिहून घेत असे. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते. जहाजावर नोकरीला असलेला माझा नवरा सुमंत समुद्रावरून परत आला नाही, त्यानंतरच्या पावसाळ्यात मामांनी मला या कामाला बसवलं. पोरीचं मन कशात तरी गुंतावं एवढाच तेव्हा हेतू असेल. पुढे त्यांनाच माझ्याशिवाय जमेना.

अण्णा म्हणजे माझे वडील. नांदगावहून निघून, मनमाडला गाडी बदलून, सकाळी दारात उभे राहिले होते. कशासाठी आले ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुमंतचं जहाज वादळात बेपत्ता झालं, त्याला, बेपत्ता माणूस मेला असं धरायला कायद्याने सांगितलेली सात वर्षं उलटून गेली होती. जहाजाची एक रिकामी होडी तेवढी सापडली होती, माणूस एकही नाही. नांदगावच्या शाळेतले विल्सन पगारे म्हणून एक शिक्षक, बायको वारल्यापासून एकटेच होते. त्यांनी मला मागणी घातली होती. चर्चमध्ये लग्न लावायचं तर माझा पहिला नवरा हयात नाही असा दाखला माझ्या पाळकांनी द्यायला हवा होता. माझे पाळक म्हणजे मामाच. अण्णा याआधीही येऊन गेले होते आणि मामांनी ‘बघू’ म्हणून त्यांची बोळवण केली होती. या वेळी अण्णांनी आईंना सांगितलं होतं, हो किंवा नाही ऐकल्याखेरीज मी उठणार नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पहिल्यापासून अण्णांच्या बाजूच्या. पोर गेलं ते गेलं, सुनेचा जन्म कशाला फुकट घालवायचा, असं त्या मामांच्या तोंडावर म्हणत. जेवताना मामांचा हात थोडा वेळ थांबे, मग पुन्हा चालू होई.

मी टेबलाशी जाऊन बसले तेव्हा मामांनी पुस्तक उघडूनच ठेवलं होतं. पान बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. हे पान आम्ही मागे सोडून दिलं होतं. त्याच्या पुढची कितीतरी पानं करून मंडळाकडे पाठवली होती. तेवढा भाग आला नाही म्हणून मंडळाची दोन स्मरणपत्रंही येऊन गेली होती. अवघड असेल म्हणून मामा टाळतात, असं मी समजत होते.

गोष्ट तशी सरळ होती. एका राजाचा मुलगा बापाविरुद्ध उठतो. राजा त्याच्यावर सैन्य पाठवतो, पण जाताना सरदारांना सांगतो, माझ्या पोराला जपा. ते जपत नाहीत. निरोप्या येऊन सांगतो की शत्रू संपला. राजा वेशीवरच्या खोलीकडे रडत चढायला लागतो, आणि चढता चढता एक वाक्य बोलतो. ते वाक्य आमच्यासमोर होतं.

‘‘मी यित्तेन,’’ मामांनी वाचलं आणि ते थांबले.

हे दोन शब्द मला नवे नव्हते. त्या भाषेत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. सुरुवातीला मला याचं फार हसू यायचं. ‘मी यित्तेन’ म्हणजे ‘कोण देईल’. मामांनी मला अगदी पहिल्या दिवसांतच समजावलं होतं की त्या लोकांना काही मनापासून हवंसं वाटलं की ते ‘हवं’ असं म्हणत नसत, ‘कोण देईल’ असं विचारत. लढाईत अडकलेल्या माणसाला गावच्या विहिरीचं पाणी आठवतं, तो म्हणतो, मला ते पाणी कोण देईल. संकटातला माणूस म्हणतो, मला पंख कोण देईल. ज्याला दिवस नकोसा झाला तो सकाळी म्हणतो, संध्याकाळ कोण देईल, आणि संध्याकाळ झाली की म्हणतो, सकाळ कोण देईल. मामांना हा शब्द इतका आवडे की मे महिन्यात उन्हातून घरी आले की टोपी काढता काढता म्हणत, ‘मी यित्तेन ताक.’ आई स्वयंपाकघरातून म्हणत, ‘कोण देणार, मीच देणार,’ आणि तांब्या घेऊन येत. सुमंत असताना घरात असं बोलणं चालायचं. नंतर ते बंद पडलं, पण मंडळाच्या कामात तो शब्द आला की मामा त्याच्यावर जरा जास्त रेंगाळत.

‘‘पुढचं सांगा,’’ मी म्हटलं.

‘‘कोण देईल. माझं मरण. मी. तुझ्या जागी.’’

मी लिहून घेतलं आणि नेहमीप्रमाणे त्याचं मराठी करून वाचून दाखवलं. ‘‘तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर किती बरं झालं असतं.’’

‘‘‘असतो’ नको,’’ मामा म्हणाले.

मी दुसरं सुचवलं, तुझ्याऐवजी मला मरण येवो. ते त्यांना शापासारखं वाटलं. तुझ्याऐवजी मीच मरावं, असं म्हणून बघितलं. त्यावर त्यांनी मान हलवली, हे अगदीच थंड आहे म्हणाले. मी आणखी दोन-तीन तऱ्हांनी मांडलं आणि ते एकेक नाकारत गेले. मग त्यांनी मला व्याकरण सांगायला सुरुवात केली. राजाच्या वाक्यात ‘मेलो’ नाही की ‘मरेन’ नाही. ‘माझं मरण’ एवढंच आहे. त्याला काळ नाही. झालं गेलं आहे की अजून व्हायचं आहे, ते वाक्य सांगत नाही. आणि ‘कोण देईल’ हा तर प्रश्नच आहे. प्रश्न केला म्हणजे कोणीतरी उत्तर देईल असं विचारणाऱ्याला वाटत असतं. मराठीत ‘असतो तर, असतं तर’ म्हटलं की दार लागलं. ती सगळं संपल्यावरची भाषा.

‘‘संपलेलंच आहे ना मामा,’’ मी म्हटलं. ‘‘निरोप्याने त्याला सांगितलंय.’’

‘‘सांगितलंय.’’

‘‘मग मेलेल्याच्या जागी आता कोण कसं मरणार? मराठी माणसाला हे वाक्य असंच बोलावं लागेल.’’

बाहेर अण्णा खाकरले. आई चहा घेऊन आत आल्या. कप टेबलावर ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि मामांना म्हणाल्या, ते थांबलेत, त्यांना दुपारच्या गाडीने जायचंय. काम चाललंय, असं मामांनी खाली बघूनच सांगितलं. आई म्हणाल्या, काम जन्मभर चालेल, पोरीचं वय थांबणार आहे का. मग त्या माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या.

मामा चहाला शिवले नाहीत. पुस्तकाची पानं मागे उलटून त्यांनी मला दुसरी एक जागा दाखवली. रानात भटकणारे लोक तिथे कुरकुर करतात की मागेच मेलो असतो तर बरं होतं. तिथे ‘लू’ असा एक शब्द आहे, आणि त्याच्यापुढे क्रियापद भूतकाळाचं. मामा म्हणाले की पस्तावा बोलून दाखवायला त्या भाषेत हा शब्द तयार होता. लहान, एका अक्षराचा, रडताना सहज तोंडात येईल असा. राजाला तो ठाऊक होता.

‘‘राजाने तो वापरला नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सगळं संपलं असं त्याला म्हणायचं असतं तर तो ‘लू’ म्हणाला असता. तो ‘कोण देईल’ म्हणाला. मी त्याच्या तोंडी ‘असतो’ कसा घालू?’’

मला त्यांची दया आली आणि रागही आला. बाहेर माझा बाप ताटकळत होता. मी एकतीस वर्षांची होते. ज्या माणसाने मला एका वर्षात दोनदा सोडून समुद्र धरला त्याच्यासाठी मी सात वर्षं या टेबलाशी बसले होते. हो, मला तसंच वाटत होतं. पहिल्या खेपेहून सुमंत परत आला तेव्हा आता जाऊ नकोस म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. तो हसून म्हणाला होता, मला तिकडे बरं वाटतं. निघायच्या आदल्या दिवशी शीळ घालत त्याने पेटी भरली. ती शीळ मी कधी विसरले नव्हते. रडून झाल्यावर, वाट बघून झाल्यावर माझ्याजवळ उरलं होतं ते एवढंच, की माझ्यापेक्षा त्याला पाणी प्यारं होतं.

मी म्हटलं, ‘‘मामा, रडणारा माणूस शब्द निवडत बसत नाही. त्याचा मुलगा मेलाय. सुमंतही मेलाय. तुम्ही लिहा नाहीतर लिहू नका.’’

त्यांच्यासमोर हे मी पहिल्यांदा म्हणत होते. स्वतःशीसुद्धा इतकं स्पष्ट कधी म्हटलं नव्हतं. मामांनी चष्मा काढला. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, चर्चची मागची भिंत होती.

‘‘तो नको म्हणत होता,’’ ते म्हणाले.

मला कळलं नाही. राजाचा मुलगा काय नको म्हणत होता, असं मी विचारलं.

‘‘सुमंत. जहाज नको म्हणत होता.’’

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या खेपेहून आल्यावर एके दिवशी मामा आणि सुमंत त्या भिंतीला चुना लावत होते. सुमंतने कुंचला खाली ठेवला आणि म्हणाला की मला परत जायचं नाही. इंजिनाच्या खोलीत पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, आणि त्याची मला भीती वाटते. इथेच बियाण्यांच्या कंपनीत काहीतरी बघतो. मामा म्हणाले की तू दोन खेपांची सही करून आला आहेस. ख्रिस्ती माणसाचं हो म्हणजे हो असलं पाहिजे. पाळकाच्या मुलानेच शब्द मोडला तर मी लोकांना काय तोंडाने उपदेश करू. सुमंतने पुन्हा तो विषय काढला नाही. त्याने कुंचला उचलला आणि राहिलेली भिंत पुरी केली.

‘‘तुला सांगू नको म्हणाला,’’ मामा म्हणाले. ‘‘घाबरतो हे तुला कळायला नको होतं त्याला. मग मीही सांगितलं नाही. आधी त्याने नको म्हटलं म्हणून. नंतर... नंतर कसं सांगणार होतो?’’

मी टेबलाची कड धरून बसले होते. ती शीळ मला ऐकू येत होती. ज्याला मी सात वर्षं मनातून बोल लावत आले तो शीळ घालत पेटी भरणारा माणूस आतून भेदरलेला होता, त्याला इथेच राहायचं होतं, आणि तो माझ्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होता. मी उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले असते तर. पण मी रुसून भिंतीकडे तोंड करून निजले होते.

‘‘काय म्हणाला तो?’’ मी विचारलं. ‘‘नेमके शब्द सांगा.’’

मामांनी डोळे मिटले. हा माणूस हिब्रूतला एखादा शब्द कुठे कुठे आणि कोणत्या रूपात आलाय ते न बघता सांगत असे. ते ओठ हलवत राहिले.

‘‘आठवत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘मी भिंतीकडे बघत होतो. चुना ओघळत होता.’’

‘‘माझं नाव घेतलं का?’’

‘‘घेतलं असेल.’’

मामांनी चष्मा लावला, माझ्यासमोरचा कागद आपल्याकडे ओढला आणि स्वतःच्या हाताने वाक्य लिहिलं: तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर किती बरं झालं असतं. अक्षर वाकडं आलं. मराठी लिहायची त्यांना सवय राहिली नव्हती. मग दुसरा कागद घेऊन त्यांनी दाखला लिहिला, त्यावर सही केली, चर्चचा शिक्का मारला आणि मला म्हणाले, अण्णांना आत बोलाव.

अण्णांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. फार उपकार झाले, असं काहीतरी ते पुटपुटले. मामांनी त्यांना खुर्ची दिली नाही. देण्याचं भानच त्यांना नव्हतं.

मी आईंना सांगायला स्वयंपाकघरात गेले. इतकी वर्षं भांडून मिळवलं म्हणून त्या सुटकेचा श्वास टाकतील अशी माझी समजूत. त्या भाकरी थापत होत्या. दाखला दिला, म्हटल्यावर त्यांनी हातातली भाकरी तशीच परातीत सोडली, भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की अण्णा धावत आत आले. सुमंत गेल्याची बातमी आली तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला. मी तवा उतरवला आणि त्यांच्याजवळ बसले. पिठाच्या हातांनी त्यांनी माझा दंड धरला.

‘‘ते नाही म्हणत होते गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हणून मी हो म्हणत होते.’’

मलाही वाटत होतं की मी केव्हाच आशा सोडली आहे. ती सोडली नव्हती. मामांकडे ठेवायला दिली होती. ते सांभाळत होते म्हणून मला ती बाळगावी लागत नव्हती, आणि आज मीच त्यांना ती टाकायला लावली होती.

दुपारच्या गाडीने मी अण्णांबरोबर निघाले. सामान बांधताना मी अण्णांना म्हटलं, मला नाही यायचं. अण्णा रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, आता इथे कोणासाठी राहणार, सांग, मी एकटा जातो. मला सांगता येईना. आईंना शेजारणीपाशी बसवून मामा आमच्याबरोबर स्टेशनवर आले. अण्णा तिकिटं काढायला गेले, आणि मामा व मी फलाटावर पिंपळाखाली उभे राहिलो.

‘‘आठवलं मला,’’ मामा एकदम म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

‘‘तो काय म्हणाला ते. तो म्हणाला, ‘वत्सलेला सोडून जाणं मला असह्य होतं.’ असं म्हणाला. अगदी हेच शब्द.’’

सुमंतने मला आयुष्यात कधी वत्सला म्हटलं नाही. चारचौघांत तो मला ‘अगं’ म्हणे आणि एकटं असताना ‘वच्छी’. ‘असह्य’ असा शब्द त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता. ते वाक्य मामांचं होतं, त्यांच्या प्रवचनातल्या मराठीतलं. एका काना-मात्रेसाठी मंडळाशी वर्षानुवर्षं वाद घालणारा हा माणूस फलाटावर उभा राहून आपल्या मेलेल्या मुलाच्या तोंडी स्वतः रचलेलं वाक्य घालत होता. माझ्या चेहऱ्याकडे मामा असे बघत होते की मला उत्तर देणं भाग पडलं.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘त्याचंच बोलणं आहे हे.’’

मामांनी मान हलवली. गाडी आली तेव्हा त्यांनी माझी पिशवी आत दिली आणि खिडकीशी न थांबता वळून चालू लागले.

वैशाखात माझं लग्न झालं. पगारे मास्तर भले होते. मला कधी उणं बोलले नाहीत आणि मीही त्यांचा संसार नीट केला. मामा त्या दिवसानंतर भाषांतराच्या टेबलाशी बसले नाहीत. राहिलेलं काम मंडळाने दुसऱ्यांकडून करून घेतलं. पुढच्या थंडीत मामा गेले. मी जाईपर्यंत त्यांना माती देऊन झाली होती. आई त्यानंतर भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मास्तरही आता नाहीत.

त्या फलाटावरच्या वाक्याबद्दल मी कोणाला सांगितलं नाही. ते सुमंतचं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सुमंतचा आवाज कसा होता ते आता मला आठवत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी त्याला बोलायला लावून बघते. तो बोलतो ते हेच एक वाक्य, आणि तेही मामांच्या आवाजात.